जपानचा साधा चहा आणि आपला वेगळा पेला



मागच्या पौर्णिमेला विहारात महिलांची आरोग्य बैठक झाली. रक्तदाब मोजून झाला, कोणाच्या गोळ्या संपल्या ते लिहून घेतले. मग कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मोबाईल पुढे केला. "ताई, हे बघा ना. जपानचा हिरवा चहा. माच्चा म्हणतात. याने वजन उतरतं, चेहरा उजळतो. घेऊ का?" एवढ्याशा डबीची किंमत आम्ही पाहिली. तिची आई ज्या घरी धुणीभांडी करते, तिथल्या महिन्याच्या पगाराएवढी ती होती.

मोबाईलवर किमोनो घातलेली एक बाई गुडघे मोडून बसली होती आणि वाडग्यात हिरवा चहा घुसळत होती. सगळे अगदी सावकाश. बायका हसल्या. "एका चहाला एवढा वेळ? तेवढ्यात आमचा स्वयंपाक होईल!"

त्याच बैठकीत दाराजवळ एक सून बसली होती. चहा वाटायला आला तेव्हा तिने पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला. आम्ही तो पाहिला, पण त्या वेळी काही विचारले नाही. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

मुलीला आम्ही म्हटले, याचे उत्तर अंकात लिहितो. कारण प्रश्न एका डबीपुरता नाही. ज्या चहाचे नाव सांगून ती विकली जाते, त्या चहाचा सगळा मोठेपणा साधेपणात आहे. तो साधेपणा काय आहे, तो कोणी घडवला आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

भिक्खूंचे औषध

जपानात चहा रुजवला तो बौद्ध भिक्खूंनी. ध्यानाला बसल्यावर डुलकी लागू नये म्हणून चीनमधले भिक्खू चहा पीत. एइसाइ नावाचा जपानी भिक्खू चीनमध्ये शिकून ११९१ मध्ये मायदेशी परतला. येताना त्याने झेन पंथाची शिकवण आणली आणि चहाचे बीही आणले, असे सांगतात. ‘झेन’ हा शब्द म्हणजे आपला ‘ध्यान’ शब्दच. चीनमार्गे जपानला जाता जाता त्याचा उच्चार बदलला.

१२११ मध्ये एइसाइने चहा पिऊन आरोग्य कसे राखावे, यावर पुस्तक लिहिले. १२१४ मध्ये सानेतोमो हा शोगुन, म्हणजे तिथला लष्करी सत्ताधीश, रात्रीच्या दारूने बेजार झाला होता, तेव्हा एइसाइने त्याला चहा पाजला आणि सोबत चहाचे गुण सांगणारे लिखाणही दिले, अशी नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी चहा हा आरोग्याच्या पानावरचाच विषय होता.

मात्र एइसाइचे सगळे म्हणणे आज टिकत नाही. कडू चव हृदयाला पोसते, आपल्या जेवणात कडू कमी म्हणून आपण आजारी पडतो, असा त्याचा विचार होता. आजचे वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानू नका, स्वतः तपासा, हे तर तथागतांनीच कालामांना सांगितले होते.

पुढे चहा मठाबाहेर पडला आणि सरदारांच्या वाड्यात गेला. तिथे त्याचा थाट झाला. चीनमधून आणलेली महागडी भांडी मांडायची, कोणता चहा कुठल्या मळ्यातला ते ओळखायच्या पैजा लावायच्या, मेजवान्या झोडायच्या. या थाटाला पाठ दाखवणाऱ्यांत पहिले नाव मुराता जुको (१४२३ ते १५०२) यांचे घेतात. परदेशी चकचकीत भांड्यांच्या जोडीला त्यांनी देशी, ओबडधोबड मातीची भांडी घेतली. त्यांच्यानंतर ताकेनो जोओ आणि मग सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) यांनी ही वाट पुढे नेली. रिक्यू हे साकाइ बंदरातल्या व्यापारी घरातले. आज जपानी चहाविधी म्हणून जे ओळखले जाते, त्याला पक्के रूप त्यांनीच दिले.

दोन चटयांची खोली

क्योतोजवळ यामाझाकी येथे ताइआन नावाची चहाची खोली आहे. ती रिक्यूंनी बांधवली असे मानतात. जपानने तिला राष्ट्रीय ठेवा ठरवले आहे. ती केवढी असेल? चहाची जागा दोन तातामींची. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची जाड चटई, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. म्हणजे सगळी मिळून जेमतेम छत्तीस चौरस फूट. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या निम्म्याहूनही कमी.

भिंती मातीच्या. त्या मातीत मिसळलेला पेंढा वरून दिसतो, तो कोणी लपवलेला नाही. उजेड बेताचा. भिंतीत एक कोनाड्यासारखी जागा, तिथे एक लेखपट किंवा एखादे फूल. बाकी काही नाही.

आत जायची वाट साधारण सव्वादोन फुटांच्या चौकोनी झडपेतून. गुडघ्यांवर बसून, मान वाकवून सरकतच आत जावे लागते. तलवार बाहेर टांगून ठेवायची. त्या काळच्या जपानात सामुराई वरचा, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी खालचे. पण या झडपेपुढे सामुराईलाही तेवढेच वाकावे लागे, जेवढे व्यापाऱ्याला. आत गेल्यावर सगळे एकाच चटईवर, एकाच उंचीवर.

आत जाण्याआधी बागेतल्या दगडी कुंडीशी बसून हात धुवायचे, चूळ भरायची. मग यजमान पाहुण्यांच्या देखत एकेक वस्तू पुसतो. वाडगा गरम पाण्याने विसळतो, ते पाणी वेगळ्या भांड्यात ओततो, पांढऱ्या कापडाने वाडगा कोरडा करतो. लोखंडी हंडीतले पाणी बांबूच्या ओगराळ्याने घेतो. साधारण दोन ग्रॅम हिरवी पूड, अर्ध्या कपाहूनही कमी गरम पाणी, बांबूच्या रवीने घुसळले की चहा तयार. दूध नाही, साखर नाही. त्याआधी एखादी छोटी मिठाई खायला देतात, तोंडातल्या त्या गोडीवर कडू चहा बरा लागतो.

आमच्यासारख्या नर्सला हे पाहून ड्रेसिंगचा ट्रे आठवतो. आधी हात धुवायचे. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. स्वच्छ काय आणि वापरलेले काय ते वेगळे. एकही हालचाल फुकटची नाही. शिकताना हे सगळे कृत्रिम वाटते. वर्षभराने हात आपोआप चालतो, तेव्हा आपले लक्ष ट्रेवरून उठून रुग्णाच्या चेहऱ्याकडे जाते. चहाविधीतही तेच आहे. हाताला वळण लागले की लक्ष पाहुण्याकडे जाते. जपानी लोक ज्याला सहजपणा म्हणतात तो असा सरावातून येतो.

नैसर्गिक म्हणजे निष्काळजी नव्हे

रिक्यूंची एक गोष्ट सांगतात. त्यांचा मुलगा बाग झाडत होता. झाडून झाल्यावर रिक्यू म्हणाले, अजून झाले नाही. मुलाने पुन्हा झाडले, दगड धुतले, शेवाळावर पाणी शिंपडले. एक काडी खाली उरली नाही. तरी रिक्यूंचे समाधान होईना. शेवटी ते स्वतः बागेत उतरले आणि त्यांनी एक झाड हलवले. चार पिवळी पाने खाली पडली. आता झाले.

ही गोष्ट अर्धीच ऐकली तर वाटेल, कचरा राहिला तरी चालतो. पण क्रम पाहा. आधी पूर्ण स्वच्छता, मग चार पाने. तुंबलेले गटार आणि उघड्यावरचे पाणी याला कोणी नैसर्गिक म्हणत नाही. नैसर्गिक म्हणजे निष्काळजी नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की चहाचे मर्म काय, असे रिक्यूंना कोणी विचारले. त्यांनी साध्या साध्या गोष्टी सांगितल्या. पाणी उकळेल असा कोळसा रचा, फूल रानात असते तसे ठेवा, उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब द्या, वेळेच्या आधी तयार राहा, पाऊस नसला तरी पावसाची सोय ठेवा, सोबतच्या पाहुण्यांना जपा. विचारणारा म्हणाला, एवढे तर मलाही माहीत आहे. रिक्यू म्हणाले, एवढे करून दाखवा, मी तुमचा शिष्य होतो. आरोग्याचेही असेच आहे. हात धुणे सगळ्यांना माहीत असते.

साधेपणा कोणाचा आणि घाम कोणाचा

इथवर वाचून एखादी वाचक भगिनी म्हणेल, "ताई, मातीची भिंत, पेंढा, छोटी खोली, वाकून आत जाणे, हे तर आमच्या आजीने आयुष्यभर केले. तिला कोणी राष्ट्रीय ठेवा म्हटले नाही." हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

रिक्यू हे तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाचे चहागुरू होते. याच हिदेयोशीने सोन्याने मढवलेली चहाची खोली करून घेतली. १५८७ मध्ये त्याने क्योतोच्या कितानो येथे मोठा चहामेळा भरवला. शेतकऱ्यांनीही यावे, आपली हंडी आणि वाडगा घेऊन यावे, असे जाहीर केले. लोक आलेही. पण दहा दिवसांचा म्हणून जाहीर केलेला मेळा एका दिवसात गुंडाळला. १५९१ मध्ये त्याच हिदेयोशीने रिक्यूंना स्वतःचा जीव घेण्याचा हुकूम दिला. त्यामागच्या कारणांवर अजून वाद आहेत. एवढे मात्र दिसते की छोट्या झडपेतून वाकून आत आलेला राजा बाहेर पडला की पुन्हा राजाच होता.

भांड्यांचेही तसेच. रिक्यूंनी चोजिरो नावाच्या कारागिराकडून चाकाशिवाय, नुसत्या हाताने घडवलेले काळे आणि तांबडे वाडगे करून घेतले. हा चोजिरो आधी छपराची कौले बनवत असे, असे सांगतात. दिसायला साधे असलेले हे वाडगे पुढे श्रीमंतांच्या तिजोरीत गेले. रिक्यूंच्या वंशातल्या तीन घराण्यांकडे आजही चहाची गादी बापाकडून मुलाकडे जाते. पूर्वी हा विधी मुख्यत्वे पुरुषांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मुलींच्या शाळांत शिरला आणि आज शिकणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, पण त्या मोठ्या घराण्यांच्या गाद्या पुरुषांकडेच राहिल्या.

आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्याची गोष्ट पुढेच आहे. जपानातही अस्पृश्यता होती. नदीकाठच्या पडीक जमिनीवर राहणारे, मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे लोक ‘कावारामोनो’, म्हणजे नदीकाठचे, म्हणून हीन मानले जात. क्योतोतल्या नामांकित बागा घडवणाऱ्यांत हेच लोक होते. दगड कुठे ठेवावा, पाणी कुठून वळवावे, झाड नैसर्गिक कसे दिसावे, हे ज्ञान त्यांच्या हातात होते. पंधराव्या शतकात झेनआमी नावाचा कावारामोनो हा शोगुन आशिकागा योशिमासाच्या मर्जीतला बागकारागीर होता. त्याचा नातू माताशिरो यानेही तेच काम केले. आपण जनावरे कापणाऱ्यांच्या घरी जन्मलो याचे त्याला दुःख होते, म्हणून त्याने जीवहत्या न करण्याचा आणि लोभ न धरण्याचा निश्चय केला होता, असे एका झेन भिक्खूच्या रोजनिशीत नोंदले आहे. वाचून मन हलते. ज्यांची बाग पाहून लोकांच्या मनाला शांती मिळायची, त्यांच्याच मनात जन्माची ही सल होती.

चहा घुसळायच्या बांबूच्या रवीला ‘चासेन’ म्हणतात. पश्चिम जपानात ‘चासेन’ याच नावाने ओळखला जाणारा, हलका मानलेला एक समाजही होता. बांबूच्या वस्तू आणि या रव्या बनवून विकणे हा त्यांचा धंदा. वस्तू चहाच्या खोलीत मानाने ठेवली जायची आणि ती बनवणारा गावाच्या कडेला राहायचा. आपल्याकडच्या कारागीर जातींची कहाणी याहून वेगळी आहे का?

१८७१ मध्ये जपान सरकारने ही हीन नावे कायद्याने रद्द केली. भेदभाव राहिलाच. म्हणून १९२२ मध्ये क्योतोत या समाजाने ‘सुइहेइशा’, म्हणजे समतेची संघटना, उभी केली. आपल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट.

म्हणून साधेपणाचे गुणगान ऐकताना आपण एक गोष्ट धरून ठेवावी. निवडलेला साधेपणा आणि लादलेली गरिबी एक नव्हे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर जो लेख लिहिला, त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले होते की धर्माने गरिबीला पावित्र्य देता कामा नये. छोटी खोली चार तासांच्या चहासाठी सुंदर असते. सात माणसांना बारा महिने त्यात राहावे लागले की तिथे खोकला, खरूज आणि भांडणे येतात. मोठे घर, नळाचे पाणी आणि संडास मागणे हे साधेपणाच्या विरुद्ध नाही.

आता त्या डबीचे उत्तर

मुली, ती डबी घेऊ नकोस. माच्चा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची बारीक पूड. ती वाईट नाही, पण जादूही नाही. तिने चेहरा उजळत नाही आणि नुसत्या तिच्याने वजन उतरत नाही. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

चहा हिरवा असो की आपला दुधाचा, त्यातला तुरट अंश भाजी, डाळ आणि भाकरीतले लोह अंगी लागू देत नाही. आपल्या बायकामुलींत रक्त कमी असणे ही घरोघरची तक्रार. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. लोहाची गोळी चहासोबत कधीच घेऊ नका. पाण्यासोबत घ्या, जमल्यास लिंबू पिळून. लहान मुलांना चहा नको. सकाळी उपाशीपोटी दोन कप गोड चहा पिऊन कामावर जाणाऱ्या भगिनींनी आधी शिळ्या भाकरीचा का होईना, घास खावा आणि साखर दर आठवड्याला थोडी कमी करावी.

जपानकडून घ्यायचेच तर हे घ्या. चहा छोटा, हात धुतलेले, भांडे स्वच्छ, टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि दिवसातून दहा मिनिटे बसून पिणे. आपल्या किती भगिनी बसून चहा पितात? सगळ्यांना देऊन उरलेला, ओट्याशी उभ्याने, गार झालेला चहा त्यांच्या वाट्याला येतो. घरातल्या एकाने तिला म्हणावे, आज तू बस, मी करतो. एवढे झाले तरी पुष्कळ.

एक वाडगा, वेगळा पेला

चहाविधीत दाट चहाचा एक भाग असतो. तो सगळ्या पाहुण्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा. एकाने दोन-तीन घोट घ्यायचे, कड पुसायची आणि वाडगा शेजाऱ्याला द्यायचा. सामुराईने प्यालेल्या वाडग्यातून व्यापारी पीत असे. आमच्या दृष्टीने या विधीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. आपल्या आजोबांना हॉटेलाच्या बाहेर ठेवलेल्या फुटक्या बशीत चहा मिळे आणि ती त्यांनाच विसळून ठेवावी लागे. आम्ही नर्सिंग शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात वस्तीतून आलेल्या आम्हा चार मुलींचे कप कोणीतरी वेगळ्या खिळ्यांना अडकवून ठेवले होते. कोणी काही बोलले नाही. खिळेच बोलत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानातल्या एका चहाघराण्याच्या प्रमुखाने स्वच्छतेचा विचार करून दाट चहाही प्रत्येकाला स्वतंत्र वाडग्यात द्यायची रीत बसवली. कोविडच्या साथीत ती पुन्हा उपयोगी पडली. नर्स म्हणून आम्हाला ती पटते. लाळेतून काही आजार पसरतात. पण लक्षात घ्या, तिथे प्रत्येकाचाच वाडगा वेगळा झाला. एकाला बाजूला काढून त्याचा तेवढा वेगळा केला नाही. सगळ्यांचे वेगळे म्हणजे स्वच्छता. एकट्याचे वेगळे म्हणजे बहिष्कार.

आता दाराजवळ बसलेल्या सुनेकडे येऊ. आठवड्याने आम्ही तिच्या घरी गेलो. तिला टीबी झाला आहे, दोन महिने औषध चालू आहे. घरात तिचा पेला वेगळा, ताट वेगळे, तिच्या भांड्यांना कोणी हात लावत नाही. घरचे वाईट नाहीत, घाबरलेले आहेत.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. टीबी कपबशीने, ताटाने किंवा सोबत जेवल्याने पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेत जातो आणि हवेतून दुसऱ्याच्या श्वासात जातो. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क हवा, खिडकी उघडी हवी, घरातल्या सगळ्यांची तपासणी हवी. नेहमीचा टीबी असेल तर औषध साधारण सहा महिने, एक दिवसही न चुकवता. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. औषध नीट लागू पडले की थोड्याच आठवड्यांत संसर्गाची भीती पुष्कळ कमी होते. भांडी सगळ्यांचीच साबणाने घासायची. पेला वेगळा करून रोग अडत नाही, माणूस तुटतो. आणि तुटलेले माणूस औषध अर्ध्यावर सोडते.

सासूबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले. मग चहा टाकला. आमच्यासाठी फडताळातले चांगले कप काढले. सुनेचा पेला खिडकीत एकटाच होता. आम्ही म्हटले, "आई, आम्हाला त्या पेल्यात द्या. आणि तिला कपात."

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पेला घासला, बाकीचे कपही पुन्हा विसळले आणि सगळे एका ताटलीत ओळीने ठेवले. चहा झाला तेव्हा कोणी काय घेतले ते आम्ही पाहिले नाही. आम्ही सगळ्या जमिनीवर बसलो होतो, एकाच चटईवर.